गोटा ठेवणाऱ्या शबानाबाई

शबानाबाई कुणाचाही प्रोग्रॅम तपासायला बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "गोटा कुठी हाये?" चंद्रपूरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात नवा आलेला माणूस हे ऐकून आधी टेबलाखाली बघायचा. मुलचेऱ्याहून आलो तेव्हा मीही बघितलं होतं.

या गोट्यामागे बाईंचे अब्बा होते. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. बाईंनी तो आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि त्यावरून एक अ‍ॅप बनवलं. अब्बांनी टॅबवर लिहायचं आणि टॅबनं त्यांच्याच आवाजात बोलायचं. पण लहान शब्द नीट निघत, लांब वाक्य मध्येच बंद पडे. मग घरचे ते पूर्ण करत, आणि हमखास चुकीचं. भाजी खारट झाली म्हणायचं असलं, तर घरचे 'छान झाली' म्हणून मोकळे. हळूहळू अब्बांनी लिहिणंच सोडलं.

"ऑपरेशननं अब्बा मुके झाले नाई," बाई एकदा म्हणाल्या. "आमी करून राह्यलो."

त्यांनी दोष रेकॉर्डिंगला दिला, टॅबला दिला, एकदा तर मलाही दिला. मग जिवतीकडच्या एका गावात आमच्या सहकाऱ्याचं लग्न होतं. पंगतीत बाई फोन घ्यायला उठल्या, परत येतात तो पत्रावळ गायब. वाढणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "उठाचं होतं त गोटा ठेवून जाचा ना बाई. आमाले कसं समजन?" त्या गावात अर्ध्यावर उठणारा पत्रावळीवर दगड ठेवून जातो. दगड दिसला की ती कुणी उचलत नाही.

अ‍ॅप कुठं अडतंय ते बाईंना तिथंच कळलं, आणि मला घेऊन त्या तशाच अर्धपोटी बसस्टँडवर निघाल्या. वाटेत मला समजावलं. अ‍ॅप जावा या संगणकी भाषेतलं, आवाज काढणारी जुनी लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्रॅम, सी या दुसऱ्या भाषेतला. जावाच्या घरी झाडू मारणारा आपोआप येतो, आणि कुणी धरलेलं दिसत नाही ते सगळं काढून नेतो. सीच्या घरी मात्र आपलं आपण आवरायचं. सी बिचारी वाक्य बोलत असे, आणि इकडे झाडूवाला तोच आवाज बेवारशी समजून घेऊन जाई. म्हणून सीचं बोलणं संपेपर्यंत जावानं तो धरून ठेवायचा, हाच गोटा. बोलणं संपलं की सोडायचा, हेही बाई तितकंच बजावत. सगळ्यांनीच धरून ठेवलं तर टॅब तुंबून बसेल.

दुरुस्तीनंतर अब्बांचं पहिलं पूर्ण वाक्य म्हणजे चहाबद्दलची तक्रार होती, आणि ती बरीच लांब होती. बाईंनी ती उभ्यानं शेवटपर्यंत ऐकली म्हणे, चहा निवला तरी. ऑफिसात हे सांगताना त्या हसत होत्या आणि ओढणीनं डोळे पुसत होत्या. मला त्या फार आवडल्या त्या दिवशी.

यंदा अब्बा गेले. मी भेटायला गेलो. वाक्य सुरू केलं आणि अडखळलो. बाईंनी मला शब्द सुचवला नाही. माझं बोलून होईपर्यंत थांबल्या.

"शेवटच्या दिवशीबी आमच्यावर रागावले," मग त्या म्हणाल्या. "पुरं रागावले. मधात कोणी बोललं नाई."