दमानं घेजो, एकच इंजिन गेलं

विमान चालवणाऱ्याकडून किस्से काढावे लागत नाहीत. कोणी चहा पुढे केला, की तो आपणहून सुरू होतो. माझे निम्मे किस्से तर एकट्या वानखेडे सरांचे आहेत.

मी को-पायलट, गाव पवनार. कॅप्टन वानखेडे आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावचे. पहिल्या फ्लाइटला मी त्यांच्याशी एकदम कडक इंग्रजीत बोलत होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव कोणतं तुझं?"

"वर्धा, सर."

"वर्धा तर सारेच सांगते. खरं सांग."

तेव्हापासून कामाचं इंग्रजीत, बाकी वऱ्हाडीत.

* * *

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, सरांनी विचारलं, "हवेत इंजिन गेलं तर पहिले काय करशीन?"

"चेकलिस्ट काढीन."

"अन् तू वाचेपर्यंत विमान कोण उडवन? पहिले विमान उडवजो. बाकी सारं मंग."

* * *

एका दुपारी ते खरंच घडलं. नागपूरहून पुण्याला निघालो होतो, अजून वर चढतच होतो. डावीकडून धाडकन आवाज आला आणि अख्खं विमान थरथरायला लागलं. माझा हात आधी चेकलिस्टकडे गेला.

सर म्हणाले, "दमानं घेजो पोरी. एकच गेलं."

त्यांनी डाव्या इंजिनाची पॉवर कमी केली, तशी थरथर उतरली. मी चेकलिस्ट वाचू लागले. इंजिन बंद करण्याआधी स्विच कोणता, हे दोघांनी पाहून मोठ्यानं म्हणायचं असतं. घाईत चांगलंच इंजिन बंद झालं, तर खेळ खलास.

"लेफ्ट?"

"लेफ्ट. कन्फर्म."

बंद केलं आणि नागपूरकडे वळलो. एका इंजिनावर सरांनी विमान इतकं अलगद टेकवलं, की कळलंसुद्धा नाही. धावपट्टीवर थांबल्यावर मी विचारलं,

"सर, रोज असं काऊन नाई उतरवत?"

"रोज इतकी भीती कुठं वाटते?"

* * *

उतरताना कारंज्याचे एक व्यापारी दारात सरांवर तापले. पुण्यात त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता. "दुसरं इंजिन चालू होतं ना? मंग पुण्यालेच न्यायचं. पाहुणे थांबून हाये तिकडं."

सरांनी हात जोडले. "भाऊ, साखरपुडा उद्याही होते. नवरदेवाचा बाप दुसरा भेटत नाई."

व्यापाऱ्यांनी तिथंच सरांना साखरपुड्याचं आमंत्रण दिलं.

* * *

पुढे तपास झाला. कॉकपिटमधलं सगळं बोलणं, आमचे ठरलेल्या शब्दांतले 'कॉल'सुद्धा, रेकॉर्ड होतं. दिल्लीचे साहेब ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कॅप्टन, ये 'दमानं घेजो' कौनसी कॉल है?"

"स्टँडर्ड कॉल है सर," वानखेडे सर म्हणाले. "वर्धा डिस्ट्रिक्ट की."

* * *

एक किस्सा राहिला. त्या दिवशी सरांची आई त्याच विमानात होती. लेक चालवतो म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली. सगळे उतरले तरी ती जागेवरच होती. सर तिच्याजवळ गेले, मी मागे उभी. ते खाली वाकून तिचा पट्टा सोडवू लागले, पण त्यांना तो काही केल्या सुटेना.

आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि पदरात घेतले.

"केवढे गार पडले रे हात. तिथं समोर लय थंडी असते का?"

"हो, माय."

"मंग स्वेटर काऊन नाई घालत?"