दाजींच्या हातची गाडी

आज सोलापुरात जेवढ्या मोटारसायकली कर्णे वाजवत फिरतायत, त्यांतल्या निम्म्यांवर सगळ्यात आधी बसलेला माणूस म्हणजे आमचे दाजी. आणि स्वतःची मोटारसायकल नसलेला शेवटचा माणूस या शहरात उरलाच, तर तोही आमचे दाजीच असतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे केम गावचे. नोकरी दुचाकीच्या शोरूममध्ये, विक्रीला. आणि नोकरीला जायचं ते सायकलवर. स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं, जावई गाड्यांच्या दुकानात आहे, पोरगी गाडीवर बसून फिरेल. ती पोरगी आजही मंडईत जायला चौकात उभी राहून रिक्षात सीट मिळायची वाट बघते. मेहुणीला दाजींची चेष्टा करायचा हक्कच असतो, आणि तो मी इतकी वर्षं काही कमी न करता बजावत आले.

सायकल काळी, दांडीची. तिच्यात मूळचं काय आणि मागाहून बसवलेलं काय, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. सीटवर ताईच्या रुखवतातल्या चादरीचा तुकडा शिवलेला, मुठींना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि चेनला वर्कशॉपमधलं वापरून काळं झालेलं ऑइल, तेही तिथल्या मिस्त्रीला विचारून, बाटलीच्या बुचातून घेतलेलं. पंक्चर घरीच काढायचं. त्याला ताईची कणीक मळायची परात लागते, आणि आमच्या भागात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, म्हणून ट्यूब बुडवलेलं पाणी आधी पायरी धुवायला आणि उरलेलं मोगऱ्याला जातं. ताई म्हणायची, आमच्या मोगऱ्याला रबराचा वास येतो. ब्रेकबद्दल दाजींचं वेगळं शास्त्र होतं. ब्रेक दाबला की रबर झिजतं, रबर झिजलं की खर्च येतो. म्हणून सिग्नल लांबूनच हेरायचा, पायडल मारायचं सोडायचं आणि बरोबर पांढऱ्या पट्ट्याशी येऊन आपोआप थांबायचं. "बिरेक मारावा लागला म्हंजी आपला अंदाज चुकला की," असं ते मला सांगत, तेव्हा मी माझी स्कुटी त्यांच्या शेजारी कचकन थांबवलेली असे आणि मागचा रिक्षावाला माझ्या नावानं काहीतरी बोलत असे.

उन्हाळ्यात त्यांचा रस्ताही बदलायचा. सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दाजी ज्या गल्लीत सावली, त्या गल्लीनं जात. त्यामुळे सरळ गेलं तर जवळ असलेलं शोरूम चैत्र-वैशाखात बरंच लांब जाई. वर घामानं शर्टाची कॉलर कुजते म्हणून शर्ट पिशवीत आणि स्वारी बनियनवर. शोरूमच्या मागच्या बोळात पोचलं की तोंड पुसायचं, शर्ट घालायचा, टाय लावायचा आणि पुढच्या दारानं साहेब होऊन आत यायचं. एकदा मोहोळचं एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "साहेब, तुमचे भाऊ दिसले की मगाशी, सायकलवर, उघडेच चालले होते." दाजींनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, की हो, थोरला भाऊ आहे, डोक्यानं जरा वायला आहे. झालं. त्या गिऱ्हाइकानं पुढे दोन वर्षं भावाची चौकशी केली, एकदा त्याच्यासाठी कुठल्याशा बाबाचा अंगारा आणून दिला, आणि दाजींनी तो निमूट कपाळाला लावला.

मी हसते, पण यामागचं कारण काही हसण्यासारखं नव्हतं. शोरूममध्ये काच असते, एसी असतो, सेल्समनला टाय असतो. पगार मात्र त्या मानानं काहीच नसतो. दाजींनी हयातभर लोकांना मायलेज समजावून सांगितलं आणि स्वतःच्या घरी त्याचं उत्तर शून्य काढलं. त्या न घेतलेल्या मोटारसायकलीवर बसून त्यांची मुलगी पुण्याला फार्मसी शिकली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलून दाखवत नाही. ताईनं एकदाच, फार पूर्वी, मला म्हटलं होतं की जाऊ दे, आपल्याला कुठं रोज जायचं असतं. तेव्हा ती चौकातून चालत आली होती आणि दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

आता मुख्य गोष्ट सांगते. या सायकलवाल्या माणसाच्या हाताला गुण आहे, अशी पंचक्रोशीत ख्याती झाली होती. सुरुवात कुठून झाली ते मला माहीत आहे. दाजींनी विकलेल्या गाडीवरून एक हॉटेलवाला ट्रकखाली गेला, गाडीचा चुरा झाला आणि तो मात्र कपडे झटकत उठला. त्यानं गाडीच्या कंपनीला श्रेय दिलं नाही, ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला त्यालाही दिलं नाही. तो म्हणाला, किल्ली दिली त्या माणसाचा हात चांगला. तेव्हापासून गिऱ्हाइकं यायची ती "ते टायवाले कुठं हायत" असं विचारत. चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक हे सगळीकडेच असतं; इथे त्यापुढे दाजींची पहिली फेरी असायची. दाजींनी गाडीवर बसायचं, कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, उतरायचं, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीतून किल्ली देत म्हणायचं, "बिनघोर जावा." दसऱ्याला तर सकाळपासून रांग असे. त्या दिवशी दाजी पिंपळापर्यंत इतक्या वेळा जाऊन येत, की तेवढ्यात ते केमला पोचून घरची आपट्याची पानं वाटून आले असते. संध्याकाळी पेढ्यांचे पुडे हँडलला अडकवून सायकलवर घरी. ताई दारात उभी असायची, आणि त्या एका दिवशी तिच्या तोंडावर नवऱ्याचा अभिमान असा काही असायचा, की गल्लीतल्या गाडीवाल्या बायकांनी बघत राहावं.

दाजींचाही विश्वास बसला होता, हे मी स्वतः पाहिलंय. एकदा मी म्हटलं, दाजी, नशिबाचा भाग असतो, हाताचं काय. तर जेवता जेवता थांबले, उजवा हात पालथा-उताणा करून बघितला आणि म्हणाले, "आपल्याकडं दुसरं काय हाय गं? एवढंच एक द्याला जमतंय." मग मी पुढे चेष्टा केली नाही.

जुन्या मालकांना या सगळ्याची किंमत होती. ते गेले, मुलगा आला. त्यानं दर्शनी बाजूला नवी काच बसवली, कॉफीचं यंत्र आणलं, आणि एका बैठकीत सांगितलं की आपला माणूस सायकलवर येताना दिसणं ब्रँडला मारक आहे. बनियनवरच्या स्वारीचा फोटो कुणीतरी काढून फिरवला होता म्हणे. स्टाफला सवलत आहे, गाडी घ्या, आणि ती पुढे लावा. दाजी म्हणाले, "माझी हाय की गाडी. रोज येतो की तिच्यावर." पोरगा हसला, बाकीचेही हसले. त्याच महिन्यात दाजींची बदली झाली यार्डावर. पुणे रस्त्याला, बाळे गावाच्याही पुढे. ज्यानं सांगूनही गाडी घेतली नाही, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवला, की म्हातारपणात गुडघे मोडून आपोआप घेईल. धंद्याचं शिक्षण घेतलेल्या माणसांना अशा गोष्टी बरोबर सुचतात. दाजींनी गाडी घेतली नाही. सकाळी लवकर निघू लागले, आणि महामार्गाच्या कडेनं, ट्रकांच्या वाऱ्यात हेलकावत, जाऊ-येऊ लागले.

ते यार्ड कसलं, हे आम्हाला बदली झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. अपघात झालेल्या गाड्या तिथे आणून टाकतात. विम्याचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत त्या तशाच पडून राहायच्या, आणि दाजींनी त्या सांभाळायच्या. हयातभर नव्या गाड्या देणाऱ्या माणसाला त्या पोरानं कुठे नेऊन बसवलं, हे त्याच्या लक्षात तरी आलं असेल का, मला शंका आहे. लक्षात आलं नसेल तर त्याचा मला जास्तच राग येतो.

दाजी घरी काही बोलत नसत. एवढंच झालं, की पेढे खायचे बंद झाले आणि जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायची सवय लागली. ताईला एकदा त्यांनी एक प्रसंग सांगितला, तो तिनं मला सांगितला. टेंभुर्णीकडचे एक वयस्कर गृहस्थ मुलाच्या गाडीचे कागद बघायला यार्डात आले होते. लाल गाडी. पुढचा भाग आत गेलेला, पण फुटक्या दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक अजून दिसत होतं. दाजींनी गाडी आल्या दिवशीच ओळखली होती. त्या गृहस्थांनी दाजींना ओळखलं. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. पायताण काढून बाजूला बसले आणि म्हणाले, "तुमच्या हातची गाडी हाय म्हणून आमी पोराला कदी काय बोललो न्हाई. ना हेल्मेट घाल म्हटलं, ना हळू जा म्हटलं." मग दाजींनीच त्यांना पाणी दिलं, कागदांवर सही कुठे करायची ते दाखवलं आणि रस्त्यापर्यंत सोडून आले. ताई म्हणाली, त्या रात्री ते जेवले, झोपले, सगळं रोजच्यासारखं. फक्त सकाळी सायकल पुसली नाही.

यानंतर काही महिन्यांनी माझ्या मुलाला चिंचोळीच्या कारखान्यात नोकरी लागली. त्याच पुणे रस्त्याला, यार्डाच्याही पुढे. बस वेळेवर मिळत नाही, म्हणून गाडी घ्यायची ठरली. घेतली. दारात आणली, ताई आरतीचं तबक घेऊन आली, शेजारपाजारचे जमले, आणि सगळे दाजींची वाट बघत थांबले. दाजी आले, सायकल भिंतीला लावली, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितलं आणि लांब जाऊन उभे राहिले. मुलानं किल्ली पुढे केली. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. "दुसऱ्या कुणाला तरी फिरवाय सांग," म्हणाले.

ताईला हे सहन झालं नाही. तबक तसंच हातात धरून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला चारचौघांत कधी उलट विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याच्या पोरांना तुमचा हात दिलात. घरच्या पोराला द्यायची वेळ आली, तर नाही?"

दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "घरचा हाय म्हणूनच."

गाडीला कुणीच पहिली फेरी मारली नाही. मुलगा स्वतःच बसला आणि गेला. ताईनं तबक ओट्यावर ठेवलं आणि त्या दिवशी ती आमच्याकडे चहासुद्धा न घेता परत गेली. मला दाजींचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, एवढं काय, मनाचं समाधान तरी झालं असतं पोराच्या.

मग एक दिवस मुलगा सहज बोलून गेला की काका रोज संध्याकाळी यार्डाच्या गेटवर उभे असतात. त्यांची सुटायची वेळ याच्या कितीतरी आधीची. तरी उभे असतात, सायकलला टेकून. हात करत नाहीत, हाक मारत नाहीत, नुसते बघतात. याची गाडी पुढे गेली की आरशात दिसतं, टांग मारतात आणि घराकडे निघतात.

परवा त्याला सुट्टी होती. आम्ही कुणी दाजींना कळवलं नव्हतं, कळवायचं असतं हेच सुचलं नव्हतं. दिवेलागणीला फाटकाशी घंटी वाजली. बाहेर आले तर दाजी, सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीवर टेकवून. शर्ट अंगात होता आणि घामानं पाठीला चिकटला होता. म्हणाले, "पोरगं कुटंय?" मी म्हटलं, आत टीव्ही बघतोय, आज सुट्टी आहे. त्यांनी मान वाकवून खिडकीतून त्याचं डोकं पाहिलं आणि मग खाली उतरले. मी पाणी आणून दिलं, आणि माझा जुना स्वभाव, बोलून गेले, की दाजी, आता फोनला पैसे पडत नाहीत, एवढ्या लांबून तडफडत यायच्या ऐवजी एक फोन करायचा की.

दाजींनी तांब्या रिकामा केला, मिशी पुसली. "आन् कुणी उचलला नसता, तर?" म्हणाले, आणि सायकल वळवून गेले.

तेव्हापासून मुलाची सुट्टी असली की मी सकाळीच त्यांना कळवते. आज तो घरी आहे, तुम्ही वेळेवर निघा, म्हणते. ते बरं म्हणतात. पण ताई सांगते, त्या दिवशीही ते अंधार पडल्यावरच घरी येतात. कुणाकुणाची गाडी जायची वाट बघत तिथे थांबतात, हे मी अजून विचारलेलं नाही.