उताराचं कुणी विचारलंच नाही

मी नऊ वर्षांची असताना मला पंधरा दिवसांच्या बालसंस्कार शिबिराला पाठवायचं ठरलं. शिबिर जावळीच्या डोंगरात, एका मठात. एसटी पायथ्यापर्यंतच, पुढे आठ किलोमीटर कच्चा चढ. मला जायचं नव्हतं. आईअण्णांशिवाय मी कधी कुठे राहिलेच नव्हते, पण तसं सांगायची लाज वाटायची. म्हणून ज्या गाडीने जायचं होतं, तिचे धोके काढून मी विरोध सुरू केला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाशीच्या मार्केटात ते मापाडी होते. दिवसभर कांद्याच्या पोत्यांची वजनं करायचे, त्यामुळे घरातली गोष्टही काट्यावर ठेवल्याशिवाय त्यांना पटत नसे. तळवलीत ज्यांच्या चाळीत आम्ही भाड्याने राहायचो, त्या शेठनी आपली जीप देऊ केली आणि अण्णांना ती चालवायलाही शिकवलं. शिकवणी खारघरला. तिथे तेव्हा रस्ते होऊन पडले होते आणि माणसं यायची होती. महिनाभरात अण्णा पक्के ड्रायव्हर झाले. जमीन सपाट असली आणि समोरून कुणी येत नसलं, तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

एका संध्याकाळी मी साळसूदपणे विचारलं, "अण्णा, घाटात गाडी तापली तर?"

अण्णांनी वही काढली. 'गाडी तापणे' असं लिहिलं आणि पुढे 'पाण्याचे दोन कॅन'. माझा डाव फुकट गेला.

"समोरून एसटी आली तर?"

"आपण थांबायचं. ती जाईपर्यंत."

"दोन आल्या तर?"

"दोन्ही जाईपर्यंत."

शेवटी मी हुकमी पान टाकलं. "चढावर गाडी मागे घसरली तर?" अण्णांनी 'गाडी घसरणे' असं लिहिलं आणि पुढची जागा दोन दिवस कोरीच राहिली. मी मनातल्या मनात शिबिर रद्द करून टाकलं. तिसऱ्या दिवशी ते एक दगड घेऊन घरी आले. मार्केटातल्या ट्रकांचे क्लीनर चाकामागे लावतात तसा, चांगला दहा किलोचा, वजन करून आणलेला. गाडी थांबली की उतरून तो लावायचं काम आईकडे दिलं गेलं.

"डोंगरात चाललोय आपण," आई म्हणाली. "तिथं काय दगडांचा दुष्काळ पडलाय?"

"ऐनवेळी मापाचा मिळाला नाही म्हंजे?"

जीपमध्ये दगड चढवताना शेठनी पाहिलं. ते आगरी, बोलताना त्यांच्या 'ड-ढ'चा 'र' व्हायचा. "भाव, गारी चरवाची हाय का घर बांधाचा हाय?"

पहाटे निघालो. खंडाळ्याचा घाट अण्णांनी पहिल्या गिअरमध्ये चढवला. मागे अडकलेले ट्रकवाले आमच्या घराण्याचा उद्धार करू लागले, तशी ते मला ऐकू जाऊ नये म्हणून आई मोठ्याने रामनाम घेऊ लागली. मठाच्या शेवटच्या चढाला ती दगड घेऊन जीपमागून चालत निघाली. पण दोनदा तीच पुढे गेली आणि जीपची वाट बघत उभी राहिली.

वर पोचल्यावर अण्णांनी जीप वळवली, खाली पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "उताराचं आपण बघितलंच नाही," ते म्हणाले. वही चाळली. उतार तिच्यात नव्हता. असणार कसा? परतीच्या रस्त्यावर मी नसणार होते, त्यामुळे त्यातले धोके मी विचारले नव्हते, आणि मी न विचारलेलं अण्णांनी लिहिलं नव्हतं.

"गाडीला जरा दम खाऊ दे," ते म्हणाले. गाडीने चार दिवस दम खाल्ला.

अण्णा आमच्याबरोबर शिबिरच करू लागले. पाठांतराला शेवटच्या रांगेत बसत. श्लोक चुकला म्हणून गुरुजींनी त्यांना एकदा उभंही केलं. मी खुशीत होते. जेवायला त्यांच्या शेजारी बसायचे, रांगेतून मान वळवून ते आहेत ना, बघायचे. चौथ्या दिवशी फुगडीत मला हरवणारी एक मुलगी भेटली. त्या दिवशी मी तिच्याशेजारी जेवले आणि अण्णांकडे बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "जमेल आता उतार."

"आजच कसा काय जमेल?" मी आईला विचारलं.

आई वळकटी बांधत होती. "उताराला कोण भ्यालंय? त्यांचाच पाय निघत नव्हता."

जीप उताराला लागली. महिनाभर मी अण्णांना खोटंनाटं घाबरवत होते, आता खरंखुरं घाबरायची पाळी माझ्यावर आली. मी मागे धावले, "अण्णा, सावकाश" म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसणार. पंगतीला मी बसले, पण घास उतरेना. मैत्रिणीने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाले. दुपारी दूध घालणारा माणूस वर आला आणि म्हणाला, "जीप डांबरीला लागली बरं का." मग मी भात मागून घेतला.