मार्च संपेपर्यंत

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली, तरी मी जुडी उलगडून बघते. त्यामुळे नवरा जेव्हा म्हणाला, "मार्च संपेपर्यंत तू भारतात जाऊ नकोस, टॅक्सचा घोळ होईल," तेव्हा माझे कान टवकारलेच.

ऑगस्टअखेर आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो होतो. त्याला इथल्या बँकेत नोकरी लागली, मी माझी सोडून त्याच्यामागून आले. चोआ चू कांगला भाड्याचा फ्लॅट. वर्षाच्या मध्यात देश बदलला की कराचं त्रांगडं होतं, हे मलाही कळत होतं. इथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तिकडचं एप्रिलमध्ये. आणि तिकडच्या वर्षातले निम्मे दिवस भारतात भरले, तर इथल्या पगारावर तिकडेही कर लागतो. हे सगळं त्यानं कागदावर रेघा मारून समजावलं. पण फेब्रुवारीत साताऱ्याला माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि तिला माझ्याशिवाय कोणी नाही.

"पुढे नाही का ढकलता येणार?" त्यानं विचारलं.

"एकदा ढकललंय, आपण इकडे येणार म्हणून. आता ती भिंत धरून बाथरूमला जाते."

"एप्रिलमध्ये जा ना. ऑगस्टपर्यंतचे पाच महिने तिकडे झालेलेच आहेत, आत्ता गेलीस तर आपले दिवस भरतील गं."

बोलताना बघत होता पंख्याकडे. म्हटलं, इथे पाणी कुठेतरी मुरतंय. दोघांचे पासपोर्टही हल्ली याच्या ऑफिसच्या बॅगेत असायचे, का तर म्हणे घरात हरवतील. मग मी काय काय नाही केलं! त्याचा फोन बघितला, शर्टांचे खिसे उलटे केले. निघालं काय, तर फूड कोर्टच्या पावत्या. एखादी बाई असेल म्हणावं, तर उलट मला विमानात बसवायची घाई झाली असती मेल्याला.

जानेवारीत जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. यजमानीण अकाउंटंट, त्यामुळे तिळगूळ हातावर पडायच्या आत बायका तिला कराचं विचारायला लागल्या. मीही विचारलं.

"अगं, यात 'आपले' असं काही नसतं," ती वाण देता देता म्हणाली. "त्याचे दिवस वेगळे, तुझे वेगळे. तुला इथे पगार आहे का? नाही ना? मग खुशाल जा. बँकेतल्या माणसाला एवढं माहीत नाही?"

हेच तर! माहीत नसणं शक्यच नव्हतं. परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून मी घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते घोकत होते. इतकी तंद्री लागली, की उतरायचं स्टेशन मागे गेलं.

घरी तो शर्टांना इस्त्री करत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "आई तिकडे भिंती धरतेय आणि तू माझ्याशी खोटं बोललास? का?"

तो नाकबूल करेल, असं वाटलं होतं. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. "हो, बोललो," म्हणाला. "इथे आल्यापासून तू एकदा तरी मोकळेपणी हसलीस का? मला वाटलं, गेलीस तर तू परत येणार नाहीस."

मी त्याच्या बॅगेतून माझा पासपोर्ट काढून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या तिकीट काढलं.

ऑपरेशन झालं. आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागली आणि मी परतही आले. पण खरं सांगते, त्यानं बोलून दाखवेपर्यंत परत न येण्याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. आता रोज येतो.