बुरैद्याबाहेरचा इंग्रजी जिना

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रियाधला, ओलाया भागातल्या आमच्या डिझाइनच्या ऑफिसात एका बँकेच्या काउंटरसाठी संगमरवराचे नमुने बघत होते. फोन बुरैद्याच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा होता. ते मूळचे लातूरचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच व्हायचं. "मॅडम, अर्ध्या तासापूर्वी गेले. आज दुपारी असरच्या नमाजनंतर दफन होईल. येताय का?" रियाधहून बुरैदा साडेतीन तास. मी तशीच निघाले. पोचले तेव्हा नमाज संपली होती, आणि इथे बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी बाहेर गाडीत एसी लावून बसून राहिले... आत माझ्या माणसावर माती पडत होती आणि मी काचेतून एक मातकट भिंत बघत होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

उस्मानभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. वडिलांचा धंदा होड्या बांधण्याचा, तेच काम हातात घेऊन ते तरुणपणी इकडे आले आणि सुतारकामात मुरले. आमची गाठ पडली ती बुरैद्याबाहेरच्या एका घरामुळे. तिथल्या एका खजुराच्या बागायतदाराला बागेच्या मधोमध इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांच्या घरासारखं घर हवं होतं. विद्यार्थी असताना तो एका मित्राच्या अशा घरी सुट्टीत राहिला होता. त्याच्याकडे होते फक्त काही पिवळे पडलेले फोटो : भिंतीभर ओक लाकडाची पॅनेलं, छतावर गिलाव्यात उठवलेल्या वेली, उंच खिडक्या आणि दिवाणखान्यातून वर जाणारा रुंद जिना. मी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, उस्मानभाईंनीही नाही. तरी दोघांनी मिळून ते घर उभं करायचं होतं!

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. माझ्या नकाशात पॅनेलची प्रत्येक फळी चौकटीला चिकटवलेली होती. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, आमच्याकडं लाकूड पाणी पिऊन फुगतं, इथं तहानेनं आकसतं. चिकटवलंत तर पहिल्या उन्हाळ्यात मधोमध तडकेल. फळी खाचेत नुसती बसवायची. तिला हलायला जागा पायजे." नंतर मी पुस्तकं काढून बघितली. जुने इंग्रज सुतारही तसंच करत होते. उस्मानभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग? सुतार तो सुतारच."

खिडक्यांवरूनही असंच झालं. फोटोतल्या घराने जिवाच्या आकांताने ऊन आत ओढलं होतं, आम्हाला ते बाहेर ठेवायचं होतं. शेवटी खिडक्या तेवढ्याच उंच ठेवून आतून लाकडी झडपा बसवल्या. दिवाणखान्यातल्या शेकोटीभोवती मालकाने मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, मांडली, आणि इंग्रजी नक्षीच्या कोनाड्यात कॉफीच्या सुरया आल्या. मालकाला आठवत होतं की त्या घरात वरून तिसरी पायरी करकरायची. उस्मानभाईंनी मुद्दाम एक पायरी करकरणारी केली. तपासणीला आलेल्या इंजिनियरने ती दोषांच्या यादीत लिहिली. मालकाने ती ओळ हसत खोडली.

पायऱ्या बसल्या आणि कठडा अर्धा झाला तेव्हा उस्मानभाई मला म्हणाले, "ताई, दोन म्हैने घरी जाऊन येतो. खोकला जात नाय. खाडीची हवा लागली की बरा होईन." मालकाच्या मुलीचं लग्न त्या घरात व्हायचं होतं. कठडा कोरणारा दुसरा माणूस माझ्याकडे नव्हता. मी म्हणाले, "उस्मानभाई, तेवढा जिना उरका आणि मग निवांत जा ना." त्यांनी लगेच मान डोलावली. वाद घातला असता तर... पण त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा विषयही काढला नाही. पाच आठवड्यांनी कठड्याचं शेवटचं वळण बाकी असताना ते पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. मालकानेच त्यांना आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं.

फुफ्फुसं आतून कडक झाली होती. डॉक्टरांना मी पुन्हापुन्हा एकच विचारत होते, तेव्हाच दोन महिने घरी गेले असते तर? ते म्हणाले, "मॅडम, आजार जुना आहे. लाकडाच्या भुशामुळे की आणखी कशामुळे, तेही आता सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी किती फरक पडला असता, मला माहीत नाही." त्यांना मला दिलासा द्यायचा होता. 'नसता पडला' एवढंच म्हणाले असते तर चाललं असतं, पण ते खरं बोलणारे होते.

घरी पाठवायची सगळी तयारी झाली. मालकाने ऑक्सिजनसकट विमानाची सोय केली, देश सोडायच्या परवानगीचे, एक्झिटचे, कागद एका दिवसात आणले. पण आज नेऊ, उद्या नेऊ म्हणताना न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. पैसा होता, कागद होते, विमान होतं. नेण्याजोगा माणूस तेवढा उरला नव्हता. शेवटच्या भेटीत तोंडावर मास्क होता. त्यांनी तो जरा बाजूला केला. "वळण कोण करतोय?" मी म्हणाले, "कुणी नाही. तुमच्यासाठी ठेवलंय." ते डोळ्यांनी हसले. खरं तर आदल्याच दिवशी बाहेरून आणलेल्या दुसऱ्या सुतारांनी ते काम हातात घेतलं होतं.

त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, मी कधी भेटले नव्हते. इथेच दफन करायला संमती त्यांनीच दिली, फोनवर, "त्यांना ताटकळत ठेवू नका" एवढंच म्हणून. गेल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. कबरीचा फोटो मिळेल का, असं विचारत होत्या. इथे कबरीवर नाव नसतं आणि मी आत जाऊ शकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हे शेवटी करत होते तो जिना तरी दाखवा. एवढी वर्षं सगळे घरी बोलवायचे आणि हे म्हणायचे, काम चाललंय. काय काम, ते बघू दे."

मालकाने लगेच होकार दिला. घरात लग्नाची मंडळी येऊन गेली होती, गालिचे अजून गुंडाळायचे होते. मी व्हिडिओ कॉल लावून जिन्याच्या तळाशी उभी राहिले. "अल्ला, केवढा रुंद," त्या म्हणाल्या. "आमचं अख्खं ओसरीचं दार मावेल." मग हळूच म्हणाल्या, "ताई, त्यांचा हात शेवटचा कुठं लागला, ते दाखवाल?"

मी कठड्यावरून बोट फिरवत गेले. उस्मानभाईंचं काम जिथे थांबलं आणि दुसऱ्यांचं सुरू झालं, तो जोड मला माहीत असायला हवा होता. पण पॉलिश नवीन होतं, लाकूड सगळीकडे सारखंच गुळगुळीत लागत होतं. मला तो सापडेना. त्या वाट बघत होत्या. वळणाच्या जरा अलीकडे मी तळवा टेकवला आणि म्हणाले, "इथे."

"ठेवा तसाच जरा," त्या म्हणाल्या.

मी ठेवला.