झेंड्याची वाट

आजा गेला तेव्हा भाताची आवणी चालू होती. साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यावर सगळ्यांनी आदल्या संध्याकाळी रोपं उपटून, त्यांच्या जुड्या बांधून बांधावर ठेवलेल्या. सकाळी त्या लावायच्या होत्या. पहाटेच आजा गेला.

आमच्याकडे पाड्यात मढं असलं की कुणी शेतात पाय घालत नाही, चूल पेटवत नाही. मढं उचललं, अंघोळी झाल्या, की मग कामं सुरू. म्हणून लवकर उचलतात. मी उचलू दिलं नाही.

मला झेंडा हवा होता. आजा फौजेत होता, सीमेवर लढला, पायात छर्रे घेऊन घरी आला आणि उरलेलं आयुष्य त्याच पायाने नांगरामागे चालला. लढाईचं विचारलं की म्हणायचा, "थंडी लई होती." बस्स. आणखी विचारलं तर, "जा, गुरांना पाणी दाव." मला जव्हारला शिकायला धाडलं ते त्यानेच. मी मास्तर झालो ते त्याच्यामुळे. या माणसाच्या खांद्यावर कधी कुणी साधी शाल घातली नाही. निदान शेवटी तरी अंगावर तिरंगा पडावा, असं मला वाटलं. वाटणारच ना!

टेकडीवर चढून, रेंज धरून तालुक्याच्या कचेरीत फोन केले. बारापर्यंत झेंडा घेऊन माणसं येतील, असं कळलं. बारा वाजले, दोन वाजले. पावसाने नेमकी उघडीप दिलेली, आणि ऊन असं की अंगणात बसवेना. सगळे उपाशी. पोरं किरकिर करायला लागली. शेजारचा म्हातारा, आज्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, माझ्याजवळ आला.

"मास्तर, उचलायचं का? रोपं सुकतात."

"रोपांचं पडलंय तुम्हाला? माणूस गेलाय इथं!" मी खेकसलो. म्हातारा जागेवर जाऊन बसला. मी शिकलेला ना, अक्कल गहाण ठेवलेली.

चार वाजता पुन्हा टेकडी चढलो. कचेरीची गाडी दुसरीकडे गेली होती, उद्या सकाळी बघू म्हणाले. खाली येऊन मी म्हणालो, उचला. आजा झेंड्याविनाच गेला.

ओढ्यावर अंघोळी करून मंडळी तशीच, पोटात अन्नाचा कण नसताना, शेतात शिरली. तीही आमच्या. "फौजीचं आधी," म्हातारा म्हणाला. आमची आवणी उरकेपर्यंत अंधारलं. म्हाताऱ्याच्या जुड्या दुसऱ्या दिवशी लागल्या, पण निम्म्या जळून गेलेल्या, आणि पुन्हा लावायला रोप कुणाकडे उरलं नव्हतं.

आणि कुणी मला काही बोललं? छे! शिव्या तरी घालायच्या होत्या. घातल्या असत्या तर मी इतका दमलो नसतो. शाळेत जाताना रोज म्हाताऱ्याचं ते विरळ खाचर दिसायचं, आणि मी मान खाली घालून पुढे जायचो.

दिवाळीच्या सुमाराला नवं भात निघालं. आमच्यात नवं आधी गेलेल्या माणसांना दाखवतात, मग आपण खातो. त्या सकाळी म्हातारा दारात उभा होता. हातात पळसाचं पान, त्यावर मूठभर गरम भात.

"फौजीला दे आधी," तो म्हणाला. "यंदा थोडंच आलंय, मास्तर."