खाली कोन हाय?

उचलण्याच्या बाबतीत आमच्या मामंजींइतका भित्रा माणूस साऱ्या मुरबे गावात नव्हता, आणि उचलायचं काही निघालं की सारं गाव त्यांनाच बोलवायला येई. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून टेकू लावून ठेवायच्या, हे त्यांचं काम. पण होडी असो की भाताचं पातेलं, हात लावण्याआधी ते थांबत आणि विचारत, "खाली कोन हाय?" उत्तर आल्याशिवाय वस्तू हलायची नाही. कोंबड्यांवर झाकलेली पाटी उचलतानाही विचारत, आणि आतली कोंबडी कुरकुरली की "हाय म्हनते" म्हणून पाटी तशीच ठेवून निघून जात. मग सासूबाई त्यांना काय काय म्हणत ते मी लिहीत नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवशी गाडीतून माझी पेटी उतरवताना त्यांनी विचारलंच. जवळ मी एकटी उभी. मी नाही अशी मान हलवली. "मान ऐकू येत नाय, पोरी," ते म्हणाले. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. शेवटी मी म्हटलं, "कोनी नाय." तेव्हापासून घरात उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. सासरी माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता, पण तेवढे दोन शब्द शेजारीही ऐकत. होडी ठेवून झाली की मामंजी सगळ्यांना बोटं मोजायला लावत. त्यांची स्वतःची आठच भरत. दोन तरुणपणी होडीखाली राहिली होती. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तारापूरला मोठं बांधकाम चाललं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. ओहोटीला एक लहानसं विमान आमच्या किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत उतरलं आणि शिंपल्यांवर त्याच्या पुढच्या चाकाची ट्यूब फुटली. आत चालवणारे साहेब आणि एक हिंदी बोलणारा मिस्त्री. नाक उचलल्याशिवाय चाक निघेना, आणि भरतीच्या आत विमान उडालं नाही तर समुद्रच नेणार. गावातले गडी पुढचा पंखा धरून उचलायला निघाले तसा मिस्त्री म्हणाला, "पंखे को हाथ मत लगाना, भाई." मामंजी विमानाभोवती एक फेरी मारून आले. "नाक कशाला उचलता? शेपूट दाबा. होडीचं तोंड वर पायजे तं मानसं मागं बसवतो ना आपन?" मिस्त्री हसला. तो तेच सांगणार होता. त्याने दाबायची मजबूत जागा दाखवली आणि शेपटीच्या पातळ पत्र्याला शिवू नका म्हणून बजावलं. मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लागले. मामंजींनी विचारलं, मी उत्तर दिलं, चार गड्यांनी शेपूट दाबलं आणि नाक अलगद उठलं. शेपटीखालच्या कडीला वाळूच्या गोणी घातलेली जाळी लटकवली. मिस्त्री लगेच आत सरकायला लागला, तर मामंजींनी त्याचा सदरा धरला. "जाळी फाटली तं? थांब." नाकाखाली गोणपाट गुंडाळलेला होडीचा टेकू बसला, तेव्हाच त्याला सोडला. मग त्याने चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं, चाक परत बसवलं.

तोवर पाणी दहा हातांवर आलं होतं. उतरवायची एकच घाई झाली. गड्यांनी शेपूट अजून थोडं दाबून धरलं, टेकू काढला, जाळी सोडली. आता विमान नुसतं त्यांच्या हातांवर. शेपटीजवळून मामंजींनी विचारलं, "खाली कोन हाय?"

"कोनी नाय, सोडा," दहाबारा जण एकदम म्हणाले. साहेबही हातानं सोडा सोडा करत होते. मामंजी मात्र माझ्याकडे बघत राहिले. मी बघायला जमलेल्या बायकांत, मासळीच्या टोपलीजवळ खाली बसलेली, म्हणूनच मला दिसलं. विसरलेला पाना घ्यायला मिस्त्री पलीकडून वाकला होता आणि त्याचा हात चाकाखाली होता. एवढ्या पुरुषांनी नाही म्हटल्यावर मी कशी बोलू?

"पोरी?" मामंजी म्हणाले.

"हाय," मी म्हटलं. "एक हात हाय."

कुणी सोडलं नाही. हात बाहेर आला, मग विमान टेकलं. मामंजींनी तिथेच मिस्त्रीची बोटं एकेक धरून मोजली. मिस्त्री आधी हसत होता. मामंजींच्या हाताकडे लक्ष गेलं तेव्हा त्याने दुसरा हात आपणहून पुढे केला. विमान पाण्याच्या कडेकडेनं धावत उडालं. घरी येताना मामंजी एवढंच म्हणाले, "ऐकू आलं हो."

त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. चुलीवरून पातेलं उतरवताना मी अजून विचारते. दुपारी घरात कुणी नसतं. जरा थांबते, आणि मग उत्तर मीच देते, त्यांना बाहेरच्या ओट्यावर बसल्या जागी ऐकू जायचं तेवढ्या मोठ्यानं.